आप्पांचा कावळा

आमच्या आप्पांच्या पिंडाला कावळा शिवला नाही. हे मीच आधी सांगून टाकते, कारण मांडवगणात नवीन माणूस भेटलं की माझ्या पाठीमागं त्याला हेच पहिलं सांगितलं जातं. मी मोटर कशी भरते, दुकान कसं चालवते, ते राहिलं बाजूला. "तिच्या बापाला कावळा शिवला न्हाई, बरं का!" नाही शिवला तर नाही शिवला. पण का शिवला नाही, ते कुणी धड सांगत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील; बारीक, उंच, जळकी मोटर आली की आधी कपाळाला हात लावून तिच्याकडं बघत बसणारे. मांडवगण फराट्यात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, नदीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या, आप्पा आतली करपलेली तार उपसून काढायचे आणि नवी भरून द्यायचे. मी त्या दुकानातच लहानाची मोठी झाले. बारावीला असताना मला पक्कं कळलं होतं, की मला हेच दुकान पाहिजे. आणि मालकीण म्हणून पाहिजे.

आप्पांचं त्याला नाही नव्हतं. भांडण होतं ते शिकायचं काय यावर. ते म्हणायचे, शिरूरला कॉलेजात जा, बीबीए कर. बँकेत, जीएसटीच्या हापिसात बोलता आलं पाहिजे. तार ओढायला माणसं मिळत्यात. मी म्हणायची, दौंडला आयटीआयला जाते, इलेक्ट्रिशियन करते. ज्या मालकाला स्वतःला मोटर भरता येत नाही, त्याला कारागीर बोटावर नाचवतो. कारागीर सोडून गेला की दुकानाला टाळं!

"आयटीआय केलंस तर लोकं तुला जन्मभर कामगार म्हनत्याल," आप्पा म्हणायचे. "मालक म्हननार न्हाईत."

"तुम्ही कुठं कॉलेजला गेलावता?"

"म्हनून तर सांगतोय."

माझ्या जिभेला हाड नाही, आणि ते तर माझेच वडील. आई म्हणायची, दोघं एकाच मातीची, कोण कुणाला वाकवणार? आप्पा मला हत्याराला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांचं बघून बघून, त्यांच्या माघारी करून मी शिकले होते, ते त्यांना माहीत होतं, पण "बरं जमलंय" एवढंसुद्धा कधी तोंडातून निघालं नाही. बारावीचा निकाल लागला, प्रवेश सुरू झाले आणि एका दुपारी आप्पा दुकानातच बसल्या बसल्या गेले. चहा घेऊन मी गेले, तर हातात तार तशीच धरलेली. आमचं भांडण अर्ध्यावर राहिलं.

दहाव्याला नदीच्या घाटावर ही गर्दी. आमच्याकडं दहाव्याला प्रवचन असतं, पुढाऱ्यांची भाषणं असतात, आणि मग सगळे कावळ्याची वाट बघत बसतात. मेलेल्याचा जीव कशात तरी अडकला असला, तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरच्यांनी ओळखायचं, तो कशात अडकलाय, आणि तसा शब्द मोठ्यानं द्यायचा. लोक हसत असतील तर हसोत. घाटावर दिलेला शब्द मोडलेला माणूस मी तरी आमच्या भागात बघितलेला नाही.

आप्पांना मुलगा नव्हता, म्हणून चुलत्यांनी डोकं भादरून क्रिया केली. पिंड ठेवला. पलीकडच्या बाभळीवर कावळेच कावळे, पण एकही ओरडत नव्हता. एवढे कावळे, आणि एवढे गप्प! माइकवाल्यानं माइक बंद केला तरी कसला तरी बारीक आवाज कानात घुमत राहिला. ऊन वर आलं. चुलते हात जोडून बोलायला लागले.

"दादा, वहिनीला अंतर देनार न्हाई."

एकही कावळा हलला नाही.

"बांध कोरनार न्हाई. पोरीचं लगीन थाटात करीन."

तरी नाही. लोक आपसात कुजबुजायला लागले. मग चुलत्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "पोरीला शिरूरला कॉलेजला घालतो."

बाभळीवरून एक कावळा खाली आला.

तो पिंडापाशी आला. भाताकडं त्यानं ढुंकून बघितलं नाही. तिथून वळला आणि दगडांवरून टुणटुणत बायकांच्या बाजूला आला, माझ्या पुढ्यात. अगदी हात लांबवला असता तर लागला असता. मान वाकडी करून माझ्याकडं बघत उभा राहिला. शेजारच्या बायका पदर सावरत मागं सरकल्या. मी एकटीच पुढं राहिले.

"तुझ्या तोंडून ऐकायचंय त्यास्नी," चुलते हळूच म्हणाले. घाम फुटला होता त्यांना. "म्हन पोरी. शिरूरला जाते म्हन."

"म्हन की गं बाई," मागून मावशी. "म्हनायला काय जातंय?"

म्हणायलाच तर जात होतं सगळं! एकदा घाटावर म्हटलं असतं, तर मला दौंड नव्हतं आणि दुकान असून नसल्यासारखं होतं. कारागिराच्या मेहरबानीवरची मालकीण. आणि नाही म्हटलं, तर आप्पा अडकून राहणार. मी त्या कावळ्याकडं बघत होते. खरं सांगते, भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. जिवंतपणी ऐकत नव्हते, मेल्यावर पण ऐकायला तयार नाहीत!

"आप्पा," मी म्हटलं, "मी दौंडला आयटीआयला जानार. दुकान मी चालवीन. चांगलं चालवीन."

कावळा जागचा हलला नाही. चुलत्यांनी पंचा झटकला, तरी नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो आणि मी तसेच. कुणीतरी म्हातारं माणूस रडायला लागलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. नाइलाज झाला की तसं करतात. गवताच्या कावळ्याची चोच लागल्याचा काही आवाज होत नाही. खरा कावळा तेवढं होईपर्यंत थांबला आणि उडून गेला. लोक माझ्याकडं न बघता उठले.

दौंडला मी दोन वर्षं काढली. वर्गात आम्ही मुली मोजक्याच होतो. हाताला घट्टे पडले, एकदा भाजलं, पण कॉइल अशी बसायला लागली की निदेशकांना चूक काढायला जागा मिळेना. चुलत्यांनी माझ्याशी बोलायचं सोडलं होतं. आईनं तेवढं विचारलं, "झोप लागती का तुला तिथं?" मी म्हटलं, न लागायला काय झालं? दौंडला लागायची. घरी आले की लागायची नाही.

परत येऊन दुकान उघडलं, तर सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. ज्याचा बाप अडकलाय त्याच्या दुकानातली मोटर विहिरीत कोण सोडणार? मी एकटीच बसून राहायची. भरदुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, वाटायचं की माझ्या पाठीमागं कुणीतरी काम बघतंय. मी काम करताना आप्पा कधी माझ्या पाठीमागं उभे राहिले नव्हते, त्यामुळं ते आप्पा असं मनाला म्हणवेना. वळून बघितलं की नुसती भिंत. वळून न बघता काम केलं, तर मात्र हात चुकायचा नाही. मग मी वळायचं सोडून दिलं.

उन्हाळा आला. विहिरी तळाला गेल्या की मोटरी पाण्याविना फिरतात आणि जळतात. गरजेला कसला आलाय विटाळ! एक आली, दोन आल्या, मग रांग लागली. मी भरलेली मोटर पुन्हा जळून येत नाही, हे हळूहळू पसरलं. पण येणारा माणूस अजूनही दाराशी उभा राहून विचारायचा, "मालक कुठंयत?" मी म्हणायची, मीच. तो हसायचा आणि मोटर ठेवून जायचा.

मागच्याच आठवड्यातली गोष्ट. आदल्या दिवशी मी तार आणायला दौंडला गेले होते. दुकानाला कुलूप, चावी माझ्या पर्समध्ये. आई माहेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, तर इनामगावचे एक आजोबा टेम्पोतून मोटर घेऊन आलेले. त्यांना मी ओळखत नव्हते आणि त्यांनीही मला कधी बघितलेलं नव्हतं.

"काल आलतो दुपारी," आजोबा म्हणाले. "मालक व्हते बसलेले. म्हनले, आज न्हाई, उद्या घिऊन या."

"कोण मालक?"

"आता गं! ह्या दुकानाचे. बारीक, उंच. शटर अर्धंच वर व्हतं, आत अंधारात बसलेले. कपाळाला हात लावून मोटरीकडं बघत व्हते." आजोबांनी चष्मा पुसला. "लई बोलले पन. म्हनले, माझी पोरगी शिरूरला कॉलेजात असती."

मी पाना हातात तसाच धरून उभी. ओरडून सांगावंसं वाटलं, की आप्पा, मी आयटीआय केलंय, मी हितं हाय, दुकान माझं हाय! डोळ्यांत पाणी आलं, रागाचं का कशाचं, ते मला अजून सांगता येत नाही. ते तिथंच होते. पाठीमागून माझं काम बघत होते. आणि मला ओळखायलाच तयार नव्हते.

"मग मोटर कोन भरनार म्हनलं, तर म्हनले, कामाला एक पोरगी हाय," आजोबा सांगत होते. "म्हनले, बिनघोर टाका तिच्याकडं. असा हात सबंध तालुक्यात न्हाई कुनाचा."

मी हातातला पाना खाली ठेवला.

आजोबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "ती तूच का गं कामाची पोरगी?"

"व्हय आजोबा," मी म्हटलं. "मीच ती. उतरवा मोटर."