आधी नाव, मग बॉल

मनवेलपाड्याच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात, आणि तिथली कॉमेंट्री माझा मामा करतो. माईक हातात आला की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. प्रत्येक खेळाडूला तो टोपणनाव देतो आणि तेच गल्लीत चालतं. लांब सिक्स मारणारा ‘जेसीबी’, कॅच सोडणारा ‘चाळणी’. मला हे सगळं आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग आमच्या फुलपाड्याच्या टीममध्ये मणिपूरचा एक मुलगा आला. तो नर्सिंग शिकतो, आमच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो, आणि डावखुरी बॅटिंग अशी की बघत राहावं. पहिल्याच मॅचला मामाने त्याचं बारसं केलं, ‘चायना माल’. मैदान खो खो हसलं. दुसऱ्या दिवसापासून भाजीवालासुद्धा त्याला तेच म्हणू लागला. सेमीफायनल झाल्यावर तो मला जिन्यात भेटला. “दीदी, फायनल खेल लूँगा. उसके बाद नहीं.”

माझं डोकंच फिरलं. रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर मी कॉलेजच्या मुलांसाठी मानवी हक्कांचा वर्ग घेते, आणि तो काही कलमं पाठ करून घ्यायला नाही. त्या रविवारी मी मामाची टोपणनावं म्हणून दाखवली आणि विचारलं, यातलं कुठलं खेळावरून पडलेलं नाही? मनवेलपाड्याचा फास्ट बोलरही वर्गाला येतो. फायनलमध्ये तो आमच्याविरुद्ध खेळणार होता. तोच म्हणाला, “त्या एकट्याचं तोंडावरून आहे.” वर्णद्वेषाची व्याख्या सांगायची मग गरजच उरली नाही.

घरी मामाशी वाजलं.

“अगं, मस्करी असते ती. जेसीबी रडतो का कधी?”

“जेसीबीने सिक्स मारणं सोडलं तर नाव सुटेल, मामा. याने काय सोडायचं? तोंड?”

मामाने टीव्हीचा आवाज वाढवला.

फायनलला आमची दुसरी विकेट पडली आणि तो बॅटिंगला निघाला. माईक गरजला, “आणि येतोय आपला चायना माल!” हसू पसरायच्या आतच माझ्या वर्गातल्या त्या बोलरने बॉल खिशात घातला. अंपायरने खुणावलं, तरी हा जागचा हलेना. मग तो कॉमेंट्रीच्या मांडवाकडे बघून ओरडला, “काका, आधी त्याचं नाव घ्या, मग बॉल टाकतो!” माझ्या वर्गातली मुलं, दोन्ही टीमची, होती तिथेच खाली बसली. मी मामाच्या शेजारीच उभी होते आणि मला त्या पोरांचा असा अभिमान वाटला की विचारू नका.

मामाने माईकवर हात ठेवला. “नाव काय गं त्याचं?”

आख्खी स्पर्धा याची कॉमेंट्री केली आणि नाव माहीत नाही! “त्यालाच विचार,” मी म्हणाले.

मामाने माईकवरूनच विचारलं. त्याने क्रीजवरून सांगितलं. मामाने चुकीचं म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं, तेव्हा मामाला जमलं. टाळ्या पडल्या. बोलरने खिशातून बॉल काढला, जीव तोडून धावला आणि पहिल्याच बॉलवर त्याचा मधला स्टंप उडवला.

मामाने पूर्ण नाव घेऊन तो बाद झाल्याचं सांगितलं. भोपळाही न फोडता परत येणारा तो चक्क हसत होता. मांडवापाशी थांबून मामाला म्हणाला, “अंकल, अगले साल भूलना मत.”

फायनल आम्ही हरलो.