विनिताची शिक्षा

भोपाळच्या कोलार रोडवरच्या कमल गायकवाडच्या स्वयंपाकघरात चर्चचं कॅलेंडर होतं आणि त्याला दोऱ्याने लाल पेन्सिल बांधलेली होती. कुठे युद्ध पेटलं, कुठे जमीन हादरली, कुठे पुरात गावं गेली, की कमल त्या तारखेवर फुली मारायची. शास्त्रात सांगितलेल्या शेवटल्या दिवसांच्या खुणा त्या. नवरा शैलेंद्र डबा उचलता उचलता विचारायचा, "मग, आज काय बुडालं?"

"हसा," ती म्हणायची. "जलप्रलयाआधी नोहाचे शेजारीही हसतच होते."

खरं सांगायचं तर कमलला जगाच्या अंताची भीती नव्हती, घाई होती. त्या दिवशी झाकलेलं सगळं उघडं पडणार, बंद खोलीत कुजबुजलेलं गच्चीवरून ऐकू येणार. आणि तेव्हा धाकटी जाऊ विनिता मान खाली घालून उभी असणार. ते बघायला कमलला पुढच्या रांगेत जागा हवी होती.

चार वर्षांपूर्वी विनिताच्या मुलीचा, मानसीचा बाप्तिस्मा होता. कमल साठ माणसांच्या पुलावाशी, हात मसाल्यात, मोबाइल बाहेर चार्जिंगला. नागपूरहून भावाचा फोन आला, तो विनिताने घेतला. आईचं काही खरं नाही, ताईला लगेच गाडीत बसवा. विनिताने मोबाइल होता तिथे ठेवला आणि आत येऊन विचारलं, "ताई, मीठ बघू का?" निरोप दिला तो पंगती उठल्यावर. आई रात्री नऊपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे, मग गेली. कमल पहाटे पोचली.

फोन उशिराच आला, असं विनिता सगळ्यांना सांगत राहिली. कमलने मोबाइलमधली वेळ पाहिली होती: अकरा वाजून दहा मिनिटं. ती कुणाला काही बोलली नाही. घरी आली आणि कॅलेंडरला पेन्सिल बांधली.

यंदा जुलैत पास्टरसाहेबांनी प्रार्थनासभेला विषय घेतला, आजची संकटं म्हणजे अंतसमयाची चिन्हं आहेत का. सभा गावाच्या दुसऱ्या भागात, बाग सेवनियाला, विनिताच्याच घरी. पद्धत अशी की विनंतीची चिठ्ठी डब्यात टाकायची आणि पास्टरसाहेबांनी ती मोठ्याने वाचायची. कमलला वाटलं, वरच्या न्यायाची वाट किती बघायची? मंडळीसमोर नाव तर निघू दे. लोक विचारतील, कशाबद्दल? मग मी सांगेन. सभा हिंदीत, म्हणून चिठ्ठीही तिने हिंदीत लिहिली. पण बावीस वर्षं भोपाळमध्ये काढूनही रागात तिला मराठीच सुचायची.

"युद्ध भी होंगे, भूकंप भी," पास्टरसाहेब म्हणाले, "पर घड़ी किसी को मालूम नहीं. बस, तैयार रहिए."

चार वर्षं तयारच आहे, कमल मनात म्हणाली.

मग त्यांनी तिची चिठ्ठी उघडली. "विनिता बहन को जल्दी शिक्षा मिले." ते थांबले, आणि चेहरा उजळला. "कितनी अच्छी विनती है."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. कमलच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत सगळ्यांच्या माना डोलायला लागल्या होत्या. विनिताने चिठ्ठी हातात घेतली आणि तिचे डोळे भरून आले.

"ताई, हे तुमचं अक्षर. मी बारावीचा फॉर्म भरलाय ते तुम्हाला कसं कळलं? मी घरातसुद्धा बोलले नव्हते."

"जिनकी विनती है, वही सिर पर हाथ रखें," पास्टरसाहेब म्हणाले.

विनिता गुडघ्यांवर बसली. कमलने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भराभरा मराठीत प्रार्थना सुरू केली. शैलेंद्र सभेला आलाच नव्हता, दीर चहाचं बघायला गेला होता; खोलीत मराठी समजणाऱ्या त्या दोघीच.

"प्रभू, अकरा वाजून दहा मिनिटांनी आलेला फोन तुला ठाऊक आहे."

"आमेन," मंडळी म्हणाली.

"माझी आई नऊपर्यंत दाराकडे बघत होती, तेही ठाऊक आहे."

"आमेन."

"आणि मीठ बघू का म्हणणारी आज माझ्या हाताखाली आहे."

"आमेन, आमेन," मंडळीतल्या मालती आंटी सद्गदित होऊन म्हणाल्या.

तळव्याखाली विनिताचं डोकं वर व्हायला लागलं. "पुलाव उतरला नव्हता हो ताई," ती पुटपुटली. "तुम्ही निघाला असतात तर साठ माणसं उपाशी..."

"माहीत आहे. हलू नकोस, प्रार्थना व्हायची आहे."

चहाच्या वेळी पास्टरसाहेब म्हणाले, "अंग्रेज़ी में कमज़ोर है बेचारी. कमल बहन, आप तो बी.ए. हैं, आप ही पढ़ा दीजिए."

"क्यों नहीं," कमल म्हणाली. "रोज आ जाए. ग्यारह बजकर दस मिनट पर."

सगळ्यांदेखत विनिताने मान डोलावली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

घरी बातम्यांत एक भूकंप होता आणि एक युद्ध. कमलने पेन्सिल हातात घेतली आणि तशीच सोडून दिली. परीक्षा मार्चमध्ये होती. तोवर जगाचा शेवट थोडा लांबला असता तर तिची काही हरकत नव्हती.