मामांचं न उडालेलं पिस्तूल

दुकानातून आणलेल्या प्रत्येक वस्तूत खोट असतेच, आणि दुकानदाराने ती जाणूनबुजून आपल्या गळ्यात मारलेली असते, यावर माझ्या मामेसासऱ्यांचा जितका विश्वास आहे तितका देवावरही नसेल. राहुरीजवळ मुळेच्या कालव्यावर त्यांचा ऊस उभा आहे, घरात कशाची ददात नाही, पण एकही वस्तू पहिल्या फेरीत त्यांच्या घरात टिकलेली नाही. छत्री फार पटकन उघडते म्हणून परत. कुलूप किल्ली लावताच उघडलं, तर "चोरालाबी असंच उघडंल की," म्हणून तेही परत. नव्या कुकरची शिट्टी थेट शेजारच्या कुकरसारखी वाजली, तेव्हा मामा भर दुपारी बाजारात जाऊन दुकानदाराला म्हणाले, "आमचा भात शिजतो आन् शेजारीन तिचा ग्यास बंद करती. ह्याला काय अर्थ हाय?" गंमत म्हणजे दुकानदार त्यांच्यावर चिडत नाहीत. भांडून झालं की मामा तिथेच बूड टेकतात, दुकानदाराचाच चहा पितात, त्याच्या मुलीसाठी दोन स्थळं सुचवतात आणि दुसरी वस्तू घेऊन, तीही परत आणायच्या तयारीने, घरी येतात. मामी म्हणतात, "मलाबी परत धाडलं असतं, पन माझ्या बापाचं दुकान नव्हतं ना."

अशा माणसाने पिस्तूल घेतलं. उसात बिबट्याचे ठसे दिसायला लागले होते. "मारायचं न्हाई त्याला, नुसता आवाज काढायचा," असं ते सगळ्यांना सांगत. परवान्यासाठी त्यांनी नगरच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि ऐन खंडेनवमीच्या तोंडावर पिस्तूल घरी आलं. त्या दिवशी आमच्याकडे कोयता, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते. मामींनी पिस्तुलाला मधोमध पाटावर बसवलं आणि नवा पाहुणा म्हणून त्याचा मान जरा जास्तच केला. तेलात कालवलेलं कुंकू, मूठभर हळद, अक्षता, आणि वरून नारळाचं पाणी. मामांनी ते टॉवेलने वरवर पुसलं, काडतुसं भरली आणि कमरेला लावलं.

दसरा झाल्यावर एका संध्याकाळी ते बांधावर बसले होते. समोर उसात खसखस झाली. मामांनी पिस्तूल काढलं, आवाजाच्या दिशेने रोखलं आणि चाप ओढला. खट् झालं, पण गोळी काही उडाली नाही. उसातून डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या मामी बाहेर आल्या. मामांनी त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "उडलं न्हाई! आपल्याला फशिवलं!" म्हणत ते पिस्तूलच उलटंपालटं करत बसले. काडतूस आतच अडकलं होतं आणि काही केल्या निघत नव्हतं.

सकाळी मला फोन आला. "पाव्हनं, गाडी घिऊन या. माल खराब निघाला." तिथे पोचल्यावर सगळी हकीगत ऐकली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मामी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मामा मात्र दुकानदाराला काय काय सुनवायचं याची उजळणी करत होते. ते भरलेलं पिस्तूल घेऊन जायचं तरी कसं? मामांनी घमेलंभर वाळू आणली, नळी खाली करून पिस्तूल तिच्यात पुरलं आणि घमेलं मागच्या सीटवर ठेवून स्वतः शेजारी बसले. प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेत होतो. वाटेत नाकाबंदी लागली. वाळूच्या गाड्या पकडून कंटाळलेल्या हवालदाराने आत डोकावून विचारलं, "एवढीच का हो?" मामांनी परवाना दाखवून खरं काय ते सांगितलं. हवालदार दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "जा, जा. हळू जा."

दुकानदाराने पिस्तूल आतल्या खोलीत नेलं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात काडतूस होतं आणि दुसऱ्या हातातल्या फडक्यावर लालपिवळा लगदा. माझा जीव भांड्यात पडला.

"मामा, चाप ओढला की पिन पुढे येऊन काडतुसाला ठोकते. तिच्या वाटेत हे बसलं होतं. तांदळाचा दाणासुद्धा निघाला. एवढं हळदीकुंकू कुणी घातलं?"

"आमच्या मंडळीनं. पन त्याचं काय? हत्यार ऐन वक्ताला उडाया नको?" मामा तावातावाने सांगायला लागले. "समूर खसखस झाली, मी नेम धरला, चाप ओढला..."

"मग बिबट्या पळाला?"

"बिबट्या कुठला! आमची मंडळीच हुती, गवत घिऊन..."

आणि मामा थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी त्या फडक्याकडे पाहिलं, मग काडतुसाकडे, आणि हळूच स्टुलावर बसले. मला रडू येतंय की हसू, तेच कळेना.

"साफ केलंय. आता बिनघोर चालेल," दुकानदार म्हणाला.

"नगं. ठिवून घ्या."

"पण खोट काय म्हणून लिहू?"

"खोट तुमच्या मालात न्हाई," मामा म्हणाले. उभ्या जन्मात हे वाक्य त्यांच्या तोंडून कुठल्याही दुकानदाराने ऐकलं नसेल.

घरी आल्यावर मामींनी विचारलं, "झालं का नीट?" मामा म्हणाले, "न्हाई होत म्हने." मामी हसल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. त्यांना काय कळलं, काय नाही, कोण जाणे.

मामा आता थकलेत. भांडणं कमी झालीत, बाजारातले दुकानदार उलट मलाच त्यांची खुशाली विचारतात. मामी गवताला निघाल्या की हे काठी टेकत मागे जातात आणि बांधावर बसतात. ऊस जरासा हलला, की हाक मारतात, "अगं, कुठं हायेस?"

उसातून वैतागलेला आवाज येतो, "हाय की हितंच! किती डाव इचारताल?"

थोड्या वेळाने मामा पुन्हा हाक मारतात.