वेणूबाईनं अडवलेली अदलाबदल

घर कुठल्या लाईनीत घ्यायचं हे ठरवताना तुम्ही घरातल्या बाईला विचारलंत का? खरं बोला. हौसेरावनं विचारलं नाही, आणि त्यापायी आज कोपरखैरण्यात बोंबाबोंब चाललीय.

हौसेराव जावळीकडचा, तुर्भ्याच्या धान्यबाजारात माथाडी. माथाड्यांच्या बैठ्या घरांची सोडत निघाली तेव्हा त्याला बसथांब्यासमोरचं घर लागलं. थांब्यामागच्या गवतात ठाणे लाईनीच्या स्टेशनसाठी जागा राखलीय; रेल्वेचे खुंट मी स्वतः पाहिलेत. असली जागा बिल्डरच्या हातात पडली असती तर हमालाला तिथं फक्त सिमेंटची पोती उतरवायला बोलावलं असतं. या वेळी ती आपल्या माणसाला मिळाली.

आणि आपल्या माणसांनी काय केलं? गावकी बसवली!

"गावचं गाव एका लाईनीत राहायला पायजे," हौसेरावच्या हमाल-टोळीचा मुकादम मारोती म्हणाला. सगळी टोळी एकाच गावची. बाकीच्यांची घरं लागली होती खाडीच्या टोकाला. थांब्यापासून तिकडं जायचं तर नाला, गवत आणि मिट्ट काळोख. त्याच लाईनीत मुकादमाच्या मेव्हण्याचं घर होतं, आणि तो तर गावचाही नाही. त्याच्याशी अदलाबदल कर, असा हुकूम सुटला. हौसेरावला वाटलं, टोळीला पहाटे टेम्पो उचलतो, मला बस कशाला? त्यानं भंडारा उचलला. खंडोबाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द. गावकीनं सोडल्याशिवाय तो सुटत नाही.

वेणूबाई त्याची बायको. ठाण्याच्या एका सूतिकागृहात आया. दुपारपाळी संपली की शेवटची बस धरते. खाडीच्या टोकाला राहायचं म्हणजे ती पाळी सुटली, म्हणजे नोकरी सुटली. आणि तिला ही बातमी कुठं कळली? नळावर, दुसऱ्या बाईकडून.

"अवं, शब्द दिलासा म्हनं?"

"गावाचा मान हाय, वेणे."

"मग गावाला सांगा, रोज राती मला थांब्यावरनं आनायला या."

हौसेराव चपला शोधायला लागला.

"आन् त्या मेव्हण्याला बस कशाला? त्याच्या बुडाखाली फटफटी हाय की!"

दुसऱ्याच सकाळी तिनं स्टो, चार भांडी आणि लेकीला, उज्ज्वलाला, बरोबर घेतलं, थांब्यासमोरच्या घरात गेली आणि चहा टाकला. आत ना वीज, ना नळ.

कळताच मुकादम दारात आला. मीही तिथंच होतो.

"वैनी, देवाला तरी भ्या. भंडाऱ्याचा शब्द हाय."

"मी कुठं दिलाय? मला कुणी बोलिवलंतं का गावकीला?"

"बायका गावकीत बसत न्हाईत."

"म्हून तर तुमी असले शब्द देता."

माझं डोकं सणकलं होतं. मी मुकादमाच्या अंगावर गेलो, तर बाईनं मलाच झापलं. "भाऊ, तुमी वरडू नका. तुमचं भांडण मिटंस्तवर माजी बस जाईल." कुलूप लावून, लेकीला शेजारणीकडं सोडून गेलीसुद्धा.

पण टोळीनं डाव दुसरीकडं साधला. भरलं पोतं हमालाला एकट्याला पाठीवर घेता येत नाही. दोघांनी हात लावून ते चढवावं लागतं. आता हौसेराव पाठ वाकवून उभा राहतो आणि कुणी हात लावत नाही. दिवसभर वाकायचं, रिकामं परतायचं. परवा तो उंबऱ्यावर बसून म्हणाला, "वेणे, सोड हे घर. माजी पाठ रिकामी बघवंना मला."

वेणूबाईनं त्याला जेवायला वाढलं. ती दोन दिवस धड झोपलेली नाही. रस्त्यावर फटफटी थांबली की उठून कडी बघते.

मी शेजारच्या गावचा. त्या गावकीत मला तोंड उघडता येत नाही. नाहीतर विचारलं असतं, स्टेशनाजवळची घरं आपली माणसं अशीच वाटत सुटली, तर उद्या तिथं राहणार कोण?

रविवारी सकाळी थांब्याजवळच्या मैदानात गावकी बसणार आहे. हौसेरावचा शब्द सोडायचा की वेणूबाईला घराबाहेर काढायचं, ते तिथं ठरेल. तुम्ही त्या गावचे असाल तर या, पण एकटे येऊ नका. बायकोला घेऊन या, तिला पुढच्या सतरंजीवर बसवा, आणि हात वर करण्याआधी तिला बोलू द्या.