रुमाल उचल

कॅन्टीनच्या अण्णांना परुळेकरबाई एका दमात विचारायच्या, “चाय आसा? नाय तर कॉफी. ती पण नसली तर तसा सांग, मी जातंय.” समोर चहा रटरट उकळत असायचा, तरी बाई विचारणारच. अण्णा मंगळूरचे, पण त्यांनाही एवढं मालवणी पाठ झालं होतं. मला सुरुवातीला वाटायचं, काय बाई आहे यार, हिला जगात काही मिळेल असं वाटतच नाही!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीला एका गाळ्यात संगणक बनवणारी आमची छोटी कंपनी होती. मी मुलुंडचा, नवीनच लागलेला, तोंडाने फटकळ. बाई माझ्या वरिष्ठ. आम्ही ड्रायव्हर लिहायचो, म्हणजे संगणक आणि त्याला जोडलेलं, माहिती साठवणाऱ्या टेपसारखं यंत्र यांच्यामधला दुभाषी प्रोग्राम.

त्या वर्षी बाईंना नोकरी सोडून गावी जायचं होतं. मालवणजवळच्या घरात आई एकटी, तिला दिसेनासं झालेलं. गावाहून येणारा प्रत्येक जण एकच निरोप आणायचा, आई विचारते कधी येतेस. मालक म्हणाले, “तो विकत घेणाऱ्या मुलुंडच्या कारखान्याने आपला संगणक पास केला की तुम्ही मोकळ्या.” आणि तो काही पास होईना! सगळे त्या एकाच संगणकाला जोडलेल्या टर्मिनलवर, म्हणजे आपापल्या पडदा-कळफलकावर, कामाला बसले आणि कोणी टेप सुरू केली की अख्खा संगणक धाडकन बंद. प्रत्येकाचं टाइप केलेलं पाण्यात. बाई डबा अर्धा तसाच परत न्यायच्या.

शेवटी चूक सापडली ती त्यांच्या त्या ‘नसलं तर?’ विचारायच्या सवयीमुळेच. ड्रायव्हर काम सुरू करताना संगणकाच्या मेमरीत जागा मागायचा. जागा असली की तिचा पत्ता मिळायचा, नसली की शून्य. शून्य म्हणजे ‘नाही’. पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ‘नाही’ ऐकायची तयारीच ठेवली नव्हती. ड्रायव्हर शून्यालाच पत्ता समजून तिथे सामान ओतायचा, आणि तिथे नेमकं संगणकाचं स्वतःचं बिऱ्हाड. बाईंनी कपाळावर हात मारला. “शेजारणीन नाय म्हटल्यान, आणि ह्यो मेलो थेट तिच्या चुलीत शिरलो!”

दुरुस्ती माझ्याकडे आली. मी लिहिलं, शून्य आलं तर परत फिर. संगणक पडायचा थांबला. झकास! मी कॉलर ताठ करून फिरलो. थोड्या वेळाने बघतो तर टेप कोणालाच मिळेना.

“अरे मेल्या,” बाई म्हणाल्या, “जागेचे दोन तुकडे मागितलंस. एक गावलो, दुसरो नाय. परत फिरलंस, बरा केलंस. पण पयल्यावर रुमाल तसोच!”

“कसला रुमाल?”

गावी जाताना आपण यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तो. दोघांना जायचंय, एकच सीट मिळाली, म्हणून उद्या जायचं ठरलं. मग त्या सीटवरचा रुमाल कोण उचलणार? “नाय गावला तर रुमाल उचल. शेवटी टाकलेलो आधी, पयलो टाकलेलो शेवटी. मागे कोणतरी उभो आसा रे.” मग मी तसंच लिहिलं. मिळालेली जागा परत दे, अडवलेली टेप सोड, आणि मगच ‘नाही मिळाली’ म्हणून सांग.

मुलुंडच्या चाचणीत तिथल्या मेनन साहेबांनी मुद्दाम सगळी टर्मिनलं भरवली आणि टेप सुरू करायला लावली. पडद्यावर ओळ आली, जागा नाही, नंतर प्रयत्न करा. आमच्या मालकांचा चेहरा पांढरा फटक.

“फेल हो गया ना?” मेनन म्हणाले.

“टेप अडली साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या. “बाकी कोण थांबलंय का बघा.”

टकटक, टकटक, सगळ्यांचं टायपिंग चालूच होतं. एका मुलीचं काम संपलं, ती उठली आणि तिने अडवलेली मेमरीतली जागा मोकळी झाली. बाईंनी पुन्हा टेप सुरू केली आणि टेपची चकती गरागरा फिरायला लागली. मेनन साहेब म्हणाले, “पास.”

हुश्श! मी तिथेच शिट्टी मारली. बाई खुर्चीत मटकन बसल्या. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. “आवशीक निरोप धाडतंय, येतंय म्हणान.” एवढी सुटल्यासारखी दिसणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्यांना सोडायला मी बोरिवलीच्या यष्टी स्टँडवर गेलो. गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकला, मस्तपैकी पुढची सीट. कंडक्टर म्हणाला, ती आधीच राखून ठेवलीय. बाई मागच्या चाकावरच्या सीटवर जाऊन बसल्या. मी त्यांच्या खिडकीखाली उभा राहिलो.

“बाई, आता काही अडलं तर मी कोणाला विचारू?”

“अडला तर अडांदे. पडाक नको.”

एवढं बोलून त्या एकदम उठल्या आणि गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. मला वाटलं, काही विसरल्या. गाडीने घरघर सुरू केली तशी त्यांनी पुन्हा मागच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या तोंडावर काहीतरी फेकलं.

“सीट नाय गावली, मेल्या! मग रुमाल कोणी उचलायचो?”

गाडी वळेपर्यंत मी हसत होतो. मग डोळे पुसायला तोच रुमाल लागला.