मंगळावरची बकरी: बडोदे ते वादी रम

आमच्या घरात कुणी अशक्य काही सांगू लागलं की बाकीचे एका सुरात म्हणतात, "ही मंगळावरची बकरी!" सुना म्हणतात, जावई म्हणतात, परवा तर दूधवालाही म्हणाला. मूळ गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. ती आज सांगतो, कारण त्या बकरीपायीच आम्ही दोघं म्हातारे यंदा मार्चमध्ये जॉर्डनच्या वाळवंटात जाऊन आलो.

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. मी बडोद्यात मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. सयाजीगंजातल्या एका थिएटरात तेव्हा रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमे लागत. रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरलो तो थेट तिथेच; मालती, म्हणजे आमची सौभाग्यवती, अबोली रंगाची साडी नेसून पायरीवर उभी. सिनेमा मंगळावरचा होता. नाव आज दोघांनाही आठवत नाही. तांबडी वाळू, तांबडं आभाळ, डोक्यावर काचेचा हंडा पालथा घातलेला एकटा अंतराळवीर आणि दोन कड्यांना जोडणारा एक नैसर्गिक दगडी पूल. इथवर आमचं एकमत आहे.

भांडण शेवटावर. मला स्वच्छ आठवतं की तो वीर पुलावर उभा राहतो आणि खालून, पाण्याचा टिपूस नसलेल्या वाळूतून, एक पांढरी आगबोट संथपणे येते. डेकवर कंदील. धुराची शेपूट डावीकडे वळलेली. इतकं काव्य मी पडद्यावर पुन्हा कधी पाहिलं नाही. मालतीचं म्हणणं, बोटबीट काही नव्हती. तो वीर पूल चढत असताना मागे एक बकरी उभी होती. चरत होती.

"मंगळावर?" मी तेव्हाच विचारलं.

"मंगळावर. मी काय करू? होती."

"अगं, तू झोपली होतीस."

"मी? झोपला होतात तुम्ही!"

रात्रपाळी करूनही टक्क जागा राहिलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. पैज तिथेच लागली: जो झोपला असं सिद्ध होईल, त्याने जन्मभर सकाळचा चहा करायचा. सिद्ध काहीच होत नव्हतं, म्हणून चहा मालतीच करत राहिली. लोक माझ्या बाजूने होते. आगबोट ऐकून माणसं गंभीर होत, बकरी ऐकून हसत. तीही हसायची, पण हसणं संपल्यावर दर वेळी हळूच म्हणायची, "पण होती."

गेल्या दिवाळीत मोबाइलवर कुणीतरी जॉर्डनच्या वादी रम नावाच्या वाळवंटाचा व्हिडिओ पाठवला. अंतराळाचे सिनेमे तिथे वरचेवर चित्रित होतात म्हणे. मी चष्मा पुसेपर्यंत मालती ओरडली, "अहो, आपला पूल!"

आपलाच होता. मी म्हटलं, चल, जाऊन एकदाचा निकाल लावू.

अलकापुरीतल्या प्रवासी एजंटाने आमच्याकडे काळजीने पाहिलं. "काका, आ उमरे बद्धा चारधाम जाय. तमे मंगळ?" म्हणजे या वयात सगळे चारधामला जातात, तुम्ही मंगळावर निघालात? पण पोरगा कामाचा निघाला. कामाच्या गोष्टी इथेच सांगून टाकतो. जॉर्डनला निघण्याआधी ऑनलाइन एक पास मिळतो, त्यात व्हिसाची फी आणि मोठ्या स्थळांची प्रवेशफी दोन्ही येतात; तो जरूर घ्या. आम्ही बडोद्याहून टॅक्सीने अहमदाबाद गाठलं, आखातात विमान बदललं आणि अम्मानला उतरलो. दोघांच्या मिळून सगळ्या खर्चात दोन बऱ्यापैकी स्कूटरी आल्या असत्या. पण या वयात स्कूटर चालवू कोण देतंय?

सामानाचं म्हणाल तर मालतीने थेपले, कैरीचा छुंदा आणि बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा इतका घेतला होता की माझ्या वाट्याला बॅगेत एक कानटोपी आणि दोन सदरे एवढीच जागा उरली. अम्मानच्या विमानतळावर अधिकाऱ्याने चिवड्याची पिशवी उचलून विचारलं, "हे काय?" मालती म्हणाली, "फूड." त्याने वास घेतला, जरा विचार केला आणि पिशवी दोन्ही हातांनी परत दिली. फार सभ्य देश आहे.

अम्मानपासून वादी रम गाडीने चारेक तास. रस्ता सरळ आणि उघडा, दोन्ही बाजूंना पिवळट माळ. अशा रस्त्यावर मला कविता सुचते. शाळेत गुरुजींनी भुजंगप्रयात वृत्त असं घोटून घेतलं होतं की अजून गाडीच्या चाकांनाही मी त्याच चालीत ऐकतो. गावाच्या अलीकडे पहिला तांबडा कडा दिसला आणि मी खिडकीची काच खाली करून म्हटलं,

"कुठे मी निघालो उन्हाच्या प्रदेशी
जिथे सूर्यही थांबतो पाहुण्याशी…"

"काच वर करा, वाळू येतेय," मालती म्हणाली. दुसरं कडवं तिथेच राहिलं.

रम गावात आपली गाडी सोडायची आणि वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या उघड्या पिकअप जीपमध्ये बसायचं. मागच्या हौद्यात दोन बाकं टाकलेली असतात. अर्ध्या दिवसाची फेरी घेऊ नका, पूर्ण दिवसाची घ्या, आणि कुठे कुठे थांबणार ते निघण्याआधी बोलून घ्या. गुडघे कुरकुरत असतील तर पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला मागा, देतात. आमचा ड्रायव्हर खालेद चाळिशीतला, हसऱ्या डोळ्यांचा. इंग्रजी त्याचं आणि माझं सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. मी त्याला आगबोटीची गोष्ट सांगितली. तो गंभीर झाला. मग मालतीची बकरी सांगितली. तो हसला नाही. स्टिअरिंगवर बोटं वाजवत एवढंच म्हणाला, "बकरी? माझी आई पण…" आणि समोर उंट आडवा आल्यामुळे वाक्य राहून गेलं.

वादी रम म्हणजे काय हे फोटोत कळत नाही. वाळू कुंकवाच्या रंगाची नाही, विटेच्या रंगाचीही नाही. चुलीतल्या निखाऱ्यावर राख धरू लागते ना, त्या क्षणाची आहे. कडे मेणबत्ती वितळल्यासारखे ओघळलेले. आवाज नाही. चित्रपटकर्त्यांना इथे मंगळ का दिसतो ते लगेच समजतं. इतर प्रवासीही ते समजूनच आलेले असतात: एक तरुण जोडपं चंदेरी पोशाख घालून हळू हळू उड्या मारत स्वतःचं चित्रण करत होतं. मी कानटोपी घालून त्यांच्या मागून गेलो, तर मुलगी म्हणाली, "अंकल, प्लीज, मंगळावर माणसं नसतात."

अडचण एकच. अशा दगडी कमानी तिथे एक नाही, तीन-चार आहेत. पहिल्या पुलाशी खालेदने मोठ्या अभिमानाने उतरवलं. मी घसा साफ केला आणि आगबोटीचं वर्णन मोठ्याने सुरू केलं. कड्यावरून प्रतिध्वनी आला.

"हा नाही," मालती म्हणाली. "आपला जरा बुटका होता, आणि डावीकडे वाळूची घसरगुंडी होती."

"झोपलेल्या माणसाला घसरगुंडी बरी आठवते!"

"बस ने हवे! चला पुढे."

रात्री तळावर मुक्काम. आजकाल तिथे पारदर्शक घुमटांचे तंबू निघालेत, मंगळावर राहिल्यासारखं वाटावं म्हणून. मालतीने एकच प्रश्न विचारला, "यात कपडे कुठे बदलायचे?" आणि आम्ही बकरीच्या केसांच्या काळ्या तंबूत गेलो. स्वस्त पडतो आणि ऊबही जास्त. जेवण वाळूत पुरलेल्या भट्टीत शिजतं. शाकाहारी आहोत असं आधी कळवलं तर बटाटे, गाजरं, कांदे असे खमंग भाजून देतात की छुंद्याबरोबर अगदी उंधियूची आठवण येते. रात्री थंडी कडक. माझी कानटोपी तळावरच्या तीन परदेशी पाहुण्यांनी आळीपाळीने घालून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालेद म्हणाला, "अजून एक पूल आहे. तिथे प्रवासी कमी जातात. पायथ्याशी आमचा चहाचा तंबू आहे. आई बसते."

जीप वळणावरून फिरली. बुटका पूल. डावीकडे वाळूची घसरगुंडी. मी त्या वाळूकडे पाहिलं. शपथेवर सांगतो, इथून आली होती माझी बोट!

तंबूत खालेदची आई चुलीवर काळी किटली ठेवून बसली होती. वय आमच्याच आसपास, चेहऱ्यावर कड्यांसारख्याच ओघळलेल्या रेषा. चहा आला, त्यात तिथल्या रानपाल्याची डहाळी आणि साखर इतकी, की आयुष्यभर बडोद्याची गोड डाळ खाल्लेल्या माणसालाही दोन घोटांनी जाणवावी. खालेद तिला आमच्याबद्दल काहीतरी सांगत होता. अचानक तिने किटली खाली ठेवली आणि मालतीकडे वळून भराभर बोलू लागली.

"काय म्हणतायत?" मालतीने विचारलं.

खालेद कान खाजवू लागला. "आई म्हणते, तिचं नवं लग्न झालं होतं तेव्हा इथे सिनेमावाले आले होते. तिची बकरी दोरी तोडून त्यांच्यात घुसली. ते ओरडत होते, तरी ती हलली नाही. आई म्हणते, बकरी सिनेमात आहे. आम्ही म्हणतो, नाही, काढून टाकली असेल. वडील म्हणायचे, मामा म्हणायचे, आम्ही सगळे भाऊ…" त्याने माझ्याकडे पाहिलं. "आम्ही जरा हसतो."

"तुम्ही कुणी सिनेमा पाहिलात?" मी विचारलं.

"कुठे पाहणार?"

म्हातारी मालतीच्या अगदी जवळ सरकली. तिने एकच प्रश्न विचारला आणि खालेदने तो हळू आवाजात आमच्यापर्यंत पोचवला. "आई विचारते, तू पाहिलीस ना? मग माझी बकरी कशी दिसत होती?"

मालतीने पेला खाली ठेवला. पदर सारखा केला. ती शाळेत धडा म्हणायला उभी राहिल्यासारखी बोलत होती, आणि मराठीतच. "काळी होती. तोंड वाकडं करून काहीतरी चघळत होती. मला वाटतं वायरच. आणि एक कान पांढरा होता. हा," तिने स्वतःचा उजवा कान धरून दाखवला.

खालेदला भाषांतर करावं लागलं नाही. म्हातारीने मालतीचा कान धरलेला हात पाहिला, स्वतःचाही उजवा कान धरला आणि मुलाच्या खांद्यावर असा दणका दिला की त्याच्या पेल्यातला चहा सांडला. मग ती उभी राहिली आणि तंबूबाहेर जाऊन, समोर कुणी नसताना, त्या कड्यांना काहीतरी खणखणीत आवाजात सुनावून आली. कड्यांनी ते दोनदा परत म्हटलं. दोघी एकमेकींचे हात धरून हसत बसल्या. खालेद आणि मी चहात बघत होतो.

"विचार तिला," मी शेवटी म्हणालो. "बोटीचं विचार. पांढरी आगबोट, याच वाळूत."

त्याने विचारलं. म्हातारी बिचारी हसू दाबत होती, पण दाबलं जाईना. "आई म्हणते, समुद्र अकाबाला आहे. इथून तासाभरावर. बोट पाहिजे असेल तर मी सोडतो."

मी बाहेर जाऊन घसरगुंडीपाशी बसलो. धुराची शेपूट डावीकडे… आणि मग आठवलं. सातवीचं मराठीचं पुस्तक. कवितेच्या वर छापलेलं निळसर चित्र: पांढरी बोट, डेकवर कंदील, धूर डावीकडे. गुरुजी ती कविता म्हणत आणि मी बाकावर हनुवटी टेकून त्या बोटीत बसून निघून जाई.

मालती शेजारी येऊन बसली. "तुमच्या पुस्तकातली बोट ना ती?"

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतंत पुस्तक. त्या दिवशी पडद्यावर पूल आला आणि तुमचं डोकं माझ्या खांद्यावर. मागच्या रांगेत तुमच्या कंपनीतले साहेब सहकुटुंब बसलेले. मला लाजेने मेल्यासारखं झालं. पण रात्रपाळी करून आला होतात… हललेच नाही मी. हात पार बधिर झाला होता. म्हणून तर पडद्याकडे टक लावून बसले. दुसरं करणार काय? तेव्हा दिसली बकरी."

"हे इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस!"

"झोपलात हे रोजच सांगत होते. खांद्याचं काय सगळ्यांदेखत सांगायचं?"

निघताना म्हातारीने त्या रानपाल्याची जुडी मालतीच्या हातात कोंबली. मालतीने उरलेला सगळा लीलो चिवडा तिला दिला. परतीच्या जीपमध्ये खालेद स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. गाव आल्यावर म्हणाला, "आज घरी आईच्या बकरीची फार मोठी मिरवणूक निघणार."

बडोद्याला येऊन आता महिना झाला. निकाल लागला आहे, तेव्हा सकाळचा चहा माझ्याकडे. आलं किसायला शिकलो, दूध दोनदा उतू घालवलं, रानपाल्याची डहाळी टाकून एकदा तिखट टोमणाही खाल्ला. घरातली ती म्हण मात्र कुणी सोडत नाही. फक्त आता कुणी ती म्हटली की मालती शांतपणे उजवा कान धरते.

जाऊन काय मिळालं असं लोक विचारतात. आगबोट गेली, असं सुरुवातीला मला वाटत होतं. आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात सुंदर दृश्य कुणी चित्रितच केलं नव्हतं, याला काय म्हणायचं? महिनाभर कवितेची ओळ सुचली नाही. मग काल सकाळी झोपाळ्यावर बसून मालतीने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाली, "अहो, त्या बोटीचं मी कधी नीट ऐकलंच नाही. तुम्ही सांगायला लागलात की मी भांडायला लागायचे. कशी दिसत होती?"

मी सांगितलं. पांढरा रंग, पितळी कंदील, वाळूवर उमटणारी लाट. ती झोपाळा थांबवून ऐकत होती.

"आणि डेकवर कोण होतं?"

"कुणी नव्हतं. रिकामाच होता." मी जरा विचार केला. "बकरी ठेवू?"

"ठेवा ना," ती म्हणाली. "एक कान पांढरा ठेवा फक्त."