पेशंटला काय विचारायचं?

"तू बोलायचं नाही. तू आज पेशंट आहेस." असं म्हणून साहेबांनी मला पलंगावर निजायला लावलं. अंगातला युनिफॉर्म काढून आजाऱ्याचा झगा घालायला लावला.

दुबईतली आमची कंपनी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी आम्हा बायकांना पाठवायची. त्या वर्षी या कामाचं सरकारी कंत्राट निघालं. ते कुणाला द्यायचं हे ठरवणारी समिती आमच्या कामाचं प्रात्यक्षिक बघायला येणार होती. खरे पेशंट साहेबांना नको होते. ते ओरडतात, त्यांच्या अंगाला वास येतो. आणि काम करून दाखवायला मी नको होते. "तुझा फेस चालणार नाही गं," साहेब म्हणाले. "डोन्ट माइंड." म्हणून पांढरा कोट चढवला साहेबांच्या बायकोने.

या बाईने उभ्या आयुष्यात कुणाला घास भरवला नव्हता. अल बर्शाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या सासूला मीच भरवायचे. पुण्याचं घराणं. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझा कप सिंकखाली गेला. समुद्र ओलांडताना पासपोर्टाबरोबर हेही बांधून आणलं होतं. वर तोंडाने काय, "आम्ही असलं काही मानत नाही हं!"

समिती आली. अत्तराचा घमघमाट. मॅडमनी हातमोजे चढवले, मला शिवायचं होतं ना! मग चमच्याने ओट्स कोंबायला लागल्या. एक घास गिळते तोवर दुसरा. ओघळ मानेत उतरला. समितीतल्या एका बाईने विचारलं, "इज शी कम्फर्टेबल?" विचारलं ते मॅडमना. मी समोर टक्क डोळे उघडे ठेवून पडले होते.

"व्हेरी कम्फर्टेबल," मॅडम म्हणाल्या. "शी इज सो हॅपी विथ अस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. उद्या कंत्राट मिळालं की घराघरांत हेच चालणार. म्हातारी जिवंत पडलेली असेल आणि तिला कुणी काही विचारणार नाही. असा संताप आला! माझा पासपोर्ट साहेबांच्या कपाटात होता. गावी दोन पोरी माझ्या पगारावर शिकत होत्या. ते सगळं डोळ्यांसमोर आलं. तरी पुढच्या चमच्याला मी तोंड मिटलं.

"उघड," मॅडम दातओठ खात कुजबुजल्या. "तमाशा करू नकोस."

मी उठून बसले. चमचा हाताने बाजूला सारला. त्या समितीवाल्या बाईला म्हणाले, "आस्क मी. आय ॲम नॉट हॅपी."

तिने साहेबांकडे बघितलं. मग साहेब हसले. केवढं ते लाचार हसू! "सॉरी, शी इज न्यू. जोकिंग." समितीही हसली. सगळे चहाला गेले.

कंत्राट त्यांनाच मिळालं. माझा व्हिसा कॅन्सल. "खलास," साहेब म्हणाले. "जा आता गावाला शेण काढायला." गेले. आणि पुन्हा दुबईला आले, दुसऱ्या कंपनीत, यांच्या नाकावर टिच्चून.

इथेही समित्या येतात. सूट तेच, अत्तर तेच. इथलेही साहेब पेशंटच्या डोक्यावरून बोलायला लागतात. मी मध्येच तोडते. "तुम्ही गप बसा. तिला विचारा." नोकरी गेली तर जाऊ दे. पलंगावर पडलेल्या माणसाच्या वतीने माझ्या देखत मी कुणाला बोलू देणार नाही.